कान हलवणारा हत्ती: मोटर असलेलं मऊ खेळणं पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मोटर घातलेलं मऊ खेळणं करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी लॅमिंग्टन रोड हा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठतात. दोन-तीन मोटरी, चार सेन्सर, एक स्पीकर घेऊन घरी येतात आणि मग या सगळ्यावर कापड कसं चढवायचं याचं कोडं घालून बसतात. माझा आग्रह नेमका उलट्या क्रमाचा आहे. मूल या खेळण्याशी काय करणार, ते आधी ठरवा. मग हालचाल ठरवा, मग कापड बेता, आणि मोटर सगळ्यात शेवटी विकत आणा. हे खेळणं मुलाच्या कुशीत झोपणार आहे, त्याचं मऊपण सांभाळूनच मोटरला जागा द्यायची आहे.

या लेखात आपण एकच खेळणं घेऊ: तीसेक सेंटिमीटर उंचीचा, बसलेला हत्ती. कपाळावर थोपटलं की तो कान हलवतो, बाकी काही करत नाही. वय तीन वर्षांच्या पुढचं धरलं आहे. त्याहून लहान मुलांसाठी सुरक्षेचे नियम बरेच कडक आहेत आणि पहिल्या खेळण्यातच ते पेलायला जाऊ नये.

एक कृती, एक दाद

'थोपटलं की कान हलतात' एवढं एक वाक्य कागदावर लिहा. त्यात 'आणि' हा शब्द आला की थांबा. डोळे मिचकावणं, सोंड उचलणं, गाणं म्हणणं, इंग्रजी अक्षरं शिकवणं असं सगळं एकाच हत्तीत कोंबलं, तर मुलाला खेळायला जागाच उरत नाही, सगळं हत्तीच करून मोकळा होतो. शिवाय प्रत्येक नवी हालचाल म्हणजे आणखी एक बिघडणारी जागा.

कमी यंत्रणेत किती जीव आणता येतो ते पाहायचं असेल तर १९९८ साली आलेल्या फर्बी या हलत्या-बोलत्या मऊ खेळण्याकडे बघा. डोळे, कान, तोंड सगळं हलायचं आणि आत मोटर होती एकच. ती कॅमची, म्हणजे फिरता फिरता पुढचा भाग ढकलणाऱ्या वेड्यावाकड्या चकत्यांची, रांग फिरवायची, पुढे-मागे फिरून हवी ती हालचाल आणायची. आपल्याकडे गणपतीत लालबाग-गिरगावात जे हलते देखावे असतात, त्यातही असंच असतं: फिरती मोटर, तिला जोडलेला क्रँक (गोल फिरण्याची पुढे-मागे हालचाल करणारी वाकडी दांडी) किंवा कॅम, आणि पुढे मान डोलवणारा उंदीर. एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याशी ओळख असेल तर देखावा मागच्या बाजूने बघायला मागा. अर्ध्या तासात क्रँक कळतो.

दाद ताबडतोब मिळायला हवी. थोपटल्यापासून साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात कान हलायला लागले, तर मुलाला वाटतं 'माझ्यामुळे झालं'. अर्धा-एक सेकंद गेला की ते वाटणं जातं, आणि मूल हत्तीला जोरात मारून बघायला लागतं. दर वेळी अगदी तीच हालचालही नको. कधी दोनदा फडफड, कधी हळू एकदाच, कधी थांबून थांबून, असे तीन प्रकार पुरतात. आणि दाद देऊन झाली की हत्तीने गप्प बसावं. स्वतःहून बोलावणारं, मुलाने सोडलं तरी आवाज करत राहणारं खेळणं मी कुणालाच करायला सांगणार नाही.

आवाज पहिल्या खेळण्यात नकोच. पुढे कधी घातलात तर स्पीकरचा आवाज कानाला लावून तपासा, कारण मूल मऊ खेळणं कानाला लावूनच झोपतं.

मोटरीशिवायचा नमुना

जुन्या चादरीचा आणि पुठ्ठ्याचा एक कच्चा हत्ती करा. दोन्ही कानांच्या मुळाशी दोरा बांधून तो पाठीमागून बाहेर काढा. शेजारपाजारचं एखादं चार-पाच वर्षांचं मूल बसवा. त्याने कपाळ थोपटलं की तुम्ही मागून दोरा ओढा. यंत्राचं काम सध्या तुमचा हात करतो आहे.

आता बोलू नका, फक्त बघा. मूल थोड्याच वेळात काय करतं? कान हलतोय म्हणून तोच कान मुठीत धरतं. मग कानाला धरूनच हत्ती उचलतं, आणि तसाच फरफटत दुसऱ्या खोलीत नेतं. हे मुलाचं चुकतंय असं अजिबात नाही, हलणारी गोष्ट पकडून बघणं हाच खेळ आहे. म्हणून हलणारा भाग पकडला जाणारच, त्यावर सगळं वजन येणारच, असं धरून पुढची रचना करायची. मऊ खेळण्यांत मोटरी जळतात आणि गिअरचे दात तुटतात ते बहुतेक इथेच.

कापड बेतणं

आखूड लवेचं कापड घ्या. लांब फर दिसायला छान, पण ती यंत्रात अडकते, मुंबईच्या दमट हवेत लवकर वाळत नाही आणि ज्योतीजवळ गेली तर झटकन पेट घेते. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला मंगलदास मार्केट आणि त्याच्या गल्ल्यांत कापड बघायला एक सकाळ हाताशी ठेवा. कापडावर हात फिरवून लव कोणत्या दिशेने बसते ते बघा आणि फर्म्याच्या प्रत्येक तुकड्यावर बाण काढा. सगळ्या तुकड्यांची लव वरून खाली हवी, नाहीतर शिवून झाल्यावर हत्ती ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

लवेचं कापड उलट्या बाजूने, फक्त मागचं विणकाम कापलं जाईल असं कात्रीच्या टोकाने कापा. एक सेंटिमीटर मार्जिन ठेवा. टीप बारीक घाला आणि कान, पाय, सोंड जोडतात तिथे दुहेरी घाला. डोळे भरतकामाने करा. प्लॅस्टिकचे डोळे कितीही पक्के बसवले तरी ते ओढून काढायची एक शक्यता राहतेच, भरतकामात ती नाही. भरायला नेहमीचा पॉलिएस्टर फायबर, ज्याला बाजारात बरेच जण रेक्रॉन म्हणतात, तो चालतो.

कानात फायबर भरू नका. दोन कापडांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोमचा तुकडा घाला. कान हलका राहतो, आकार धरतो आणि मुठीत चुरगळला तरी परत उभा राहतो.

आता मोटर

आधी थोडं गणित. एक कान १० सेंटिमीटर लांब, वजन २० ग्रॅम. वजनाचा मध्य मुळापासून ५ सेंटिमीटरवर. हत्ती उताणा पडला असताना कान उचलायला २० गुणिले ५, म्हणजे १०० ग्रॅम-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. दोन्ही कानांना २००. पण खरा अडथळा वजनाचा नसतो, शिवलेल्या कापडाच्या ताठपणाचा असतो. तो मोजायचा: छोटा स्प्रिंग-काटा कानाच्या टोकाला अडकवा आणि कान हवा तेवढा वळेपर्यंत ओढा. समजा काट्याने २५ ग्रॅम दाखवले, तर २५ गुणिले १० म्हणजे २५०, दोन कानांचे ५००. एकूण ७०० ग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजे ०.७ किलो-सेंटिमीटर.

सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून तिथेच थांबणारी मोटर. एसजी ९० हा नऊ ग्रॅमचा छोटा सर्व्हो ४.८ व्होल्टवर सुमारे १.८ किलो-सेंटिमीटर टॉर्क देतो. आपली गरज त्याच्या निम्म्याच्या आत आहे, म्हणजे चालेल. निम्म्याच्या वर गेली तर मोठी मोटर आणू नका. कान हलका करा, मुळाशी कापड सैल सोडा. शक्यतो याच मापाचा एमजी ९० एस घ्या, त्याचे गिअर धातूचे असतात. पिवळ्या रंगाची बीओ मोटर स्वस्त आहे आणि सतत गोल फिरायच्या कामाला उत्तम, पण तिला आपण कुठे आहोत ते कळत नाही. कान बरोबर मधल्या जागी येऊन थांबायला सर्व्होच सोपा.

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, चालत गाठता येतो. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. जाताना यादी लिहून न्या आणि सर्व्हो एकाऐवजी तीन घ्या. त्याच नावाखाली वेगवेगळ्या दर्जाचे तुकडे मिळतात. तिन्ही चालवून, आवाज ऐकून, सगळ्यात कमी किरकिरणारा निवडा. मऊ खेळण्यातून गिअरचा किरकिराट आला तर मूल त्याला कानाशी धरत नाही.

डबा आणि सांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यंत्रणा कडक प्लॅस्टिकच्या बंद डब्यात हवी. कोपरे गोल, झाकण स्क्रूचं. कच्च्या नमुन्याला सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) चालेल, पण मुलाच्या हातात देताना तो नको, दाबला की तुटतो. थ्रीडी प्रिंट करत असाल तर पीएलए हे प्लॅस्टिक टाळा. उन्हात उभ्या गाडीत हत्ती राहिला, तर साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. पीईटीजी किंवा एबीएस घ्या.

सर्व्हो डोक्याच्या मधोमध, त्याची दांडी वर येईल असा बसवा. त्यावर दोन टोकांचा हॉर्न, म्हणजे दांडीवर बसणारी छोटी पट्टी, लावा. मधल्या स्थितीत हॉर्नचं एक टोक सोंडेकडे आणि दुसरं पाठीकडे असायला हवं. प्रत्येक टोकाला एक स्टीलची तार जोडा, एक डावीकडे जाणारी, एक उजवीकडे. सर्व्हो फिरला की पुढचं टोक डावीकडे सरकतं आणि मागचं उजवीकडे. म्हणजे दोन्ही तारा एकाच वेळी बाहेर ढकलल्या जातात आणि उलट फिरला की एकाच वेळी आत ओढल्या जातात. एका सर्व्होत दोन्ही कानांचं काम झालं. मध्यापासून १५ मिलिमीटरवर तार जोडली आणि सर्व्हो ३० अंश फिरला, तर तार साडेसात मिलिमीटर सरकते. कानाच्या बिजागरीपासूनही तार १५ मिलिमीटरवरच जोडली, तर कानही साधारण ३० अंश वळतो आणि त्याचं टोक पाच सेंटिमीटर हलतं. लांबून बघणाऱ्याला एवढं भरपूर दिसतं.

आता त्या मुठीत धरलेल्या कानाचं. तार सरळ ठेवली तर मुलाच्या हाताचा सगळा जोर गिअरच्या दातांवर जातो. म्हणून तारेला मध्येच इंग्रजी यू अक्षरासारखं एक वळण द्या. एक मिलिमीटरच्या आतली स्प्रिंग स्टीलची तार असेल तर ते वळण दबतं, ताणतं आणि सोडल्यावर परत जागेवर येतं. कान मुठीत असताना सर्व्हो आपला फिरतो, तार वाकते, काही तुटत नाही. वळण किती मोठं हवं ते करूनच कळतं. कान रिकामा असताना तार वाकता कामा नये आणि कान धरून ठेवल्यावर सर्व्होने गुणगुणत अडकून राहता कामा नये, या दोन्हींच्या मधलं माप शोधायचं.

तार आणि बिजागरी दोन्ही डब्याच्या आतच राहू द्या. बाहेर फक्त कानातल्या फोमची पट्टी फटीतून येईल. ती आतून दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत चेपून नट-बोल्टने आवळा, म्हणजे कानाला धरून उचललं तरी ओढ डब्यावर येते, सर्व्होवर नाही. फटीभोवती कापडाची छोटी बाही शिवा. ती नसेल तर फायबरचे तंतू हळूहळू आत शिरतात आणि दांडीभोवती गुंडाळत जातात. फटही इतकी अरुंद हवी की करंगळी आत जाणार नाही.

वीज

घरात मोबाइलची जुनी लिथियम बॅटरी पडलेली असते, ती वापरायचा मोह होईल. वापरू नका. ती दाबली, टोचली किंवा तिच्यात शॉर्ट झालं तर पेट घेऊ शकते, आणि तिच्याभोवती आपण पॉलिएस्टर भरलेलं असतं. बटण सेल तर घराच्या उंबऱ्यातच अडवा. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. एए आकाराचे तीन साधे अल्कलाइन सेल घ्या, एकूण ४.५ व्होल्ट. सेलचं झाकण स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडता येणार नाही असंच हवं.

नवखे लोक इथे अर्डुइनो नॅनो ही प्रोग्रॅम करता येणारी छोटी सर्किट-पाटी घालतात. शिकायला ती चांगली, पण नुसती चालू असतानाही वीसेक मिलिअँपिअर खाते. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरली तर शंभर तासांत सेल रिकामे, म्हणजे कुणी हात न लावता चार दिवसांत हत्ती मेला. आई-बाबा दोनदा सेल बदलतील, तिसऱ्यांदा हत्ती माळ्यावर जाईल. म्हणून अर्डुइनोच्याच प्रो मिनी पाटीचा ८ मेगाहर्ट्झवाला प्रकार घ्या, त्यावरचा सतत पेटणारा एलईडी काढून टाका आणि सेलची तार थेट व्हीसीसी या वीज घेणाऱ्या पिनला द्या. काम नसताना चिप झोपवली की खप मायक्रोअँपिअरवर येतो. ही चिप या वेगाला २.७ व्होल्टपर्यंत चालते, त्यामुळे सेल उतरत आले तरी ती गोंधळत नाही. सर्व्होही गप्प बसून काही मिलिअँपिअर खातोच, त्याची वीज मॉसफेटने, म्हणजे चिपने चालवायच्या छोट्या स्विचने, तोडा.

सर्व्हो सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कान अर्धवट हलून थांबतो, परत हलतो, असं दिसलं तर हेच कारण. सर्व्होला वीज देणाऱ्या दोन तारांवर, अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणापुरती वीज साठवून देणारा भाग) लावा. सेलच्या लगेच पुढे एक रिसेटेबल फ्यूजही (जास्त करंट अडवून नंतर आपोआप पूर्ववत होणारा) टाका.

थोपटणं ओळखायला टीटीपी २२३ हा टच सेन्सर कापडाच्या आडून चालतो आणि बहुतेक जण तोच सुचवतात. मुंबईसाठी माझी पसंती साध्या दाबाच्या बटणाला आहे. जून ते सप्टेंबर हवेतली ओल, मुलाच्या हाताचा घाम, लाळ यांनी कापड ओलसर झालं की टच सेन्सर फसू शकतो. एक हलकं बटण, त्यावर दोन रुपयांच्या नाण्याहून मोठी प्लॅस्टिकची चकती आणि वर फोमचा थर, एवढ्यात कपाळ कुठेही थोपटलं तरी दाब पोचतो.

प्रोग्रॅम फार मोठा नाही. झोप, बटणाने जाग, सर्व्होला वीज, तीनपैकी एक हालचाल, कान मधल्या जागी, वीज बंद, परत झोप. एक गोष्ट मात्र घाला: सलग थोपटत राहिलं तर दर वेळी नवी हालचाल सुरू करू नका, चालू असलेली पुरी होऊ द्या. कोन एकदम बदलू नका, थोडा थोडा वाढवत न्या. झटका देणारा कान यंत्रासारखा वाटतो.

भरणं, धुणं, पावसाळा

डब्याच्या सगळ्या बाजूंनी निदान तीन सेंटिमीटर फायबर हवा. हत्तीला छातीशी घट्ट धरून बघा. डबा टोचला तर आणखी भरा किंवा हत्ती मोठा बेता. डबा पाठीतल्या चेनमधून बाहेर काढता आला पाहिजे, म्हणजे बाकीचा हत्ती धुता येतो. फोमची पट्टी डब्यात आवळलेली असल्यामुळे कानाचं वरचं कापड मोज्यासारखं चढवता-उतरवता येईल असं शिवा आणि मुळाशी पक्क्या वेल्क्रोने डोक्याला जोडा. चेनचं लोंबतं टोक काढून टाका आणि चेन कापडाच्या पट्टीखाली लपवा. सोल्डर केलेल्या सर्किटवर संरक्षक वार्निशचा हात द्या, नाहीतर एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. धुतलेला हत्ती पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय डबा आत घालू नका. आतला फायबर ओला राहिला तर बुरशीचा वास कधीच जात नाही.

तोडून बघणं

मुलाला द्यायच्या आधी तुम्ही स्वतः हत्तीशी वाईट वागा. प्रत्येक कान, सोंड, शेपटी यांना सात किलोचं वजन टांगून दहा सेकंद ठेवा. टीप उसवता कामा नये. छातीच्या उंचीवरून लादीवर आपटा. कान हाताने घट्ट धरून सलग वीस वेळा थोपटा आणि मग डबा काढून सर्व्होला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. सुटा होऊ शकेल असा कुठलाही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावत असेल तर तो लहान मुलाच्या घशात जाऊ शकतो, सुरक्षा मानकांतली चाचणी त्याच मापाची आहे. तीन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी केलं असलं तरी घरात धाकटं भावंड असतं, हे धरून चला. आत चुंबक वापरला असेल तर काढून टाका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याला मध्ये धरून चिकटतात.

पुढे कधी मायक्रोफोन आणि इंटरनेट जोडावंसं वाटेल. जर्मनीने २०१७ साली 'माय फ्रेंड केयला' (My Friend Cayla) ही बोलणारी बाहुली छुपं ऐकणारं उपकरण ठरवून बंद केली. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. कुशीत झोपणाऱ्या वस्तूने घरातलं बोलणं बाहेर पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकायचं असेल तर

घरच्या किंवा भाच्याच्या हत्तीला परवाना लागत नाही. विकायचं ठरवलं की मात्र १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश आड येतो: चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आपल्या हत्तीला आयएस ९८७३ या भारतीय मानकाचे यांत्रिक सुरक्षा, ज्वलनशीलता, घातक मूलद्रव्यं वगैरेंबद्दलचे भाग लागू होतात, आणि आत वीज असल्यामुळे आयएस १५६४४ सुद्धा. परवाना भारतीय मानक ब्यूरो देतं, त्यांचं मुंबईतलं कार्यालय अंधेरी पूर्वेला मरोळच्या एमआयडीसीत आहे. मानकं ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. कापड बेतायच्या आधीच ती वाचा. शिवण किती ओढ सोसली पाहिजे, सेलचं झाकण कसं हवं, दोरी किती लांब चालते, हे सगळं त्यात मापांसकट दिलेलं आहे, आणि परवान्याच्या अर्जाच्या वेळी हत्ती नव्याने शिवण्यापेक्षा पहिल्याच फर्म्यात ती मापं धरणं स्वस्त पडतं.